परराज्यात नेलेली मोटार आणि वाहनकर : एक ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

महाराष्ट्रात माणसाला गाव विचारतात आणि गाडीला ‘पासिंग’ विचारतात. ‘एमएच बारा’ म्हटले की पुणे, ‘एमएच नऊ’ म्हटले की कोल्हापूर, हे शाळकरी मुलांनाही पाठ असते. कागल ओलांडून निपाणीच्या बाजूला गेले की हीच अक्षरे ‘केए’ होतात. रस्ता तोच, डांबर तेच. पाटीवरची दोन अक्षरे मात्र बदलतात आणि त्या दोन अक्षरांबरोबर एक आर्थिक जबाबदारीही बदलते. नोकरीनिमित्त, बदलीमुळे किंवा निवृत्तीनंतर दुसऱ्या राज्यात राहावयास जाणारा सामान्य गाडीमालक या जबाबदारीची जाणीव झाली की गोंधळतो. गाडी घेताना आयुष्यभराचा कर भरला असताना तो पुन्हा का भरावयाचा, असा त्याचा साधा प्रश्न असतो.

या प्रश्नाचे उत्तर प्रचलित नियमांत शोधल्यास नमुन्यांचे क्रमांक आणि शुल्काचे तक्ते तेवढे हाती येतात. ही अडचण निर्माण कशी झाली हे समजण्यासाठी इतिहासाकडे वळावे लागते. गाडी दुसऱ्या राज्यात नेण्याचा नियम आणि गाडीवरील कर आकारण्याची पद्धत या दोन गोष्टी एकेकाळी परस्परांना अनुरूप होत्या. पुढे कराची पद्धत बदलली, नियम मात्र जुनाच राहिला. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. विवेचनाचा भर खाजगी मोटारीवर असून मालमोटारी व प्रवासी बसगाड्यांचा विचार आवश्यक तेथेच केला आहे.

रस्त्याचा खर्च कोणी सोसावा?

भारतात मोटारगाडी आली तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती आणि तिच्याविषयी शासनाला वाटणारी काळजी मुख्यतः पोलिसी स्वरूपाची होती. काही प्रांतांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आपापले कायदे केले. त्यानंतर १९१४ मध्ये संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मोटारवाहन अधिनियम आला. गाडीची नोंदणी, चालकाचा परवाना आणि वेगावर नियंत्रण हे त्याचे विषय होते. हा कायदा संस्थानी मुलखास लागू नव्हता. आजच्या महाराष्ट्राचा नकाशा डोळ्यांसमोर आणला तर याचा अर्थ लक्षात येतो. मुंबई इलाख्याचे जिल्हे, नागपूर-वऱ्हाडचा मध्य प्रांत, निजामाच्या ताब्यातील मराठवाडा, आणि मध्येच कोल्हापूर, सांगली, मिरज, औंध, फलटण, भोर, जत, अक्कलकोट, सावंतवाडी अशी संस्थाने. दक्षिणेस पोर्तुगीज गोवा. एका दिवसाच्या प्रवासात मोटारीला दोन-तीन सत्तांच्या हद्दी ओलांडाव्या लागत.

गोव्याच्या संदर्भातील एक गोष्ट येथे नोंदविण्याजोगी आहे. पोर्तुगालने १९२८ मध्ये आपली वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूवरून उजवीकडे नेली. पण गोव्यात डावीकडून गाडी चालविण्याची रीत कायम राहिली, कारण त्या मुलखाची जमिनीवरची सीमा ब्रिटिश हिंदुस्थानाला लागून होती. राजसत्ता वेगळी असली तरी रस्ता शेजाऱ्याशी जुळवून घ्यावा लागतो. कराच्या बाबतीत हे शहाणपण पुढे फारसे दिसले नाही.

पहिल्या महायुद्धानंतर मोटारींची आणि विशेषतः भाड्याच्या बसगाड्यांची संख्या वाढू लागली. बैलगाडीसाठी केलेले खडीचे रस्ते या वाहतुकीखाली उखडू लागले. रस्ते दुरुस्त करण्याची जबाबदारी प्रांतांची व स्थानिक संस्थांची, आणि त्यांच्याजवळ पैसा नाही, अशी स्थिती होती. या पार्श्वभूमीवर १९२७ मध्ये भारतीय रस्ते विकास समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष मुकुंदराव रामराव जयकर होते. नामांकित कायदेपंडित, पुढे संघ न्यायालयाचे न्यायाधीश आणि पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू ही जयकरांची ओळख मराठी वाचकाला आहे. भारतातील रस्त्यांच्या अर्थव्यवस्थेचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते याचा मात्र बहुधा विसर पडतो.

जयकर समितीचा अहवाल १९२८ मध्ये आला. रस्त्यांचा भार आता प्रांतांना व स्थानिक संस्थांना पेलवणारा राहिला नसून तो काही अंशी राष्ट्राचा विषय झाला आहे, ही त्याची मूळ भूमिका होती. पेट्रोलवर दर गॅलनला दोन आणे जादा कर बसवून त्याचा स्वतंत्र निधी करावा, ही तिची सर्वांत परिचित शिफारस. त्यानुसार १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला. पेट्रोलवरील कराच्या जोडीला वाहनांवरील कर आणि भाड्याने चालणाऱ्या गाड्यांचे परवाना शुल्क हीदेखील रस्त्यांसाठी योग्य अशी उत्पन्नाची साधने मानली गेली.

या विचारामागील तत्त्व सरळ होते. जो रस्ता वापरतो त्याने रस्त्याचा खर्च सोसावा. जास्त चालणारी गाडी जास्त पेट्रोल पिते, म्हणून पेट्रोलचा कर वापराच्या प्रमाणात पडतो. वाहनकर हा रस्त्यावर येण्याच्या हक्काचा वार्षिक मोबदला ठरतो. मुंबई प्रांताने १९३५ मध्ये मोटारवाहन कर अधिनियम केला, तो याच काळातला. कर मुदतीचा असे. वर्षाचा किंवा तिमाहीचा कर आगाऊ भरावयाचा आणि भरल्याचा पुरावा गाडीसोबत बाळगावयाचा, अशी रीत रूढ झाली. पुढील काळातही या कराचे स्वरूप ‘वापरलेली किंवा वापरासाठी ठेवलेली’ गाडी या शब्दांभोवतीच फिरत राहिले. गाडी काही काळ वापरणार नसल्याचे मालकाने आधी कळविले, तर त्या काळाचा कर लागत नसे. ही ‘विना-वापर’ सूचनेची तरतूद वरवर किरकोळ वाटते. पण कर गाडीच्या मालकीवर नसून रस्त्याच्या वापरावर आहे, याचा तिच्याइतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

१९३९ चा अधिनियम आणि बारा महिन्यांची मुदत

१९३९ च्या मोटारवाहन अधिनियमाने आपल्या विषयाची खरी चौकट घातली. एका प्रांतात नोंदलेली गाडी अन्य प्रांतात चालविण्यास पुन्हा नोंदणीची गरज नाही, हे त्याच्या २८ व्या कलमाने मान्य केले. मात्र २९ व्या कलमाने पुढची अट घातली : गाडी दुसऱ्या प्रांतात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली गेली तर मालकाने तेथील नोंदणी अधिकाऱ्याकडे नव्या क्रमांकासाठी अर्ज करावा.

बारा महिन्यांची ही मुदत का असावी? अधिनियमात कारण दिलेले नसले तरी तत्कालीन करपद्धती पाहता ती समर्पक होती, असे म्हणावे लागते. कर वर्षाचा किंवा तिमाहीचा होता. समजा, बेळगावचा एखादा वकील मद्रास इलाख्यात राहावयास गेला. त्याने मुंबई प्रांतात भरलेला कर फार तर वर्ष संपेपर्यंत पुरे. पुढच्या वर्षाचा कर तो मद्रासमध्ये भरी. जुन्या प्रांताला जेवढा काळ रस्ता वापरला तेवढ्याचे पैसे मिळाले, नव्या प्रांताला पुढचे मिळू लागले. कोणी कोणाला परतावा मागण्याचा प्रसंगच फारसा उद्भवत नसे. नोंदणीचे घड्याळ आणि कराचे घड्याळ जवळजवळ एकाच गतीने चालत होते.

या ठिकाणी एक भेद ध्यानात ठेवावयास हवा, कारण पुढील सर्व गुंतागुंत त्यातून जन्मली आहे. नोंदणीचा कायदा केंद्राचा होता, कराचा कायदा प्रांताचा. बारा महिन्यांची सवलत ही क्रमांक बदलण्यापुरती होती. कर मात्र ‘वापर’ सुरू होताच लागू शकतो, अशी प्रांतांची भूमिका असू शकत होती. दोन कायदे दोन विधिमंडळांचे. त्यांच्यात मेळ राखण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

संविधानातील दोन नोंदी

१९५० मध्ये अमलात आलेल्या संविधानाने हा भेद कायम ठेवला. राज्यसूचीतील ५७ व्या नोंदीने रस्त्यावर वापरण्यास योग्य अशा वाहनांवरील कराचा अधिकार राज्यांना दिला. समवर्ती सूचीतील ३५ व्या नोंदीत यांत्रिक वाहने हा विषय आला आणि त्याबरोबर एक महत्त्वाचे शब्दयोजन आले : अशा वाहनांवर कर कोणत्या तत्त्वांनुसार आकारावा, ती तत्त्वेही या नोंदीत समाविष्ट केली गेली. ५७ वी नोंद स्पष्टपणे या ३५ व्या नोंदीच्या अधीन ठेवली आहे. कर राज्याचा, पण त्याची तत्त्वे संसद सांगू शकते, अशी ही रचना होती. दोन राज्यांत विभागलेल्या गाडीमालकाच्या अडचणीवरची किल्ली संविधानकारांनी जणू आधीच करून ठेवली होती. राज्यांना बांधून घेणारी अशी करतत्त्वे सांगणारा स्वतंत्र कायदा मात्र संसदेने केला नाही.

त्याच संविधानाच्या तेराव्या भागात, ३०१ व्या अनुच्छेदात, भारताच्या राज्यक्षेत्रात व्यापार, वाणिज्य आणि दळणवळण मुक्त असेल असे म्हटले आहे. ऑस्ट्रेलियाच्या संविधानातील ९२ व्या कलमाचा प्रभाव या तरतुदीवर आहे. हद्दीवर थांबवून कर मागणे या मुक्ततेत बसते काय, हा वाद न्यायालयात जाणे अपरिहार्य होते.

अजमेरच्या बसगाड्या

तो गेला एका लहानशा भूपट्टीवरून. अजमेर त्या वेळी स्वतंत्र राज्य होते आणि सभोवार राजस्थान पसरले होते. नसिराबाद ते देवळी या मार्गावर बसगाड्या चालत. मार्गाचा बहुतेक भाग अजमेरमध्ये, पण मध्ये राजस्थानच्या प्रदेशाची अरुंद पट्टी आडवी येत होती. अजमेर ते किशनगड या मार्गाचाही काही भाग राजस्थानात होता. पूर्वी दोन्ही बाजूंत सामंजस्य होते आणि एकमेकांच्या गाड्यांवर कर घेतला जात नसे. राजस्थानने १९५१ मध्ये स्वतःचा मोटारवाहन कर अधिनियम केला आणि अजमेरच्या बसमालकांकडे १ एप्रिल १९५१ पासूनचा कर मागितला.

‘ऑटोमोबाईल ट्रान्सपोर्ट (राजस्थान) विरुद्ध राजस्थान राज्य’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी एप्रिल १९६२ मध्ये दिला. त्याआधी अतियाबारी चहा कंपनीच्या खटल्यात मालवाहतुकीवरील आसामचा कर न्यायालयाने ३०१ व्या अनुच्छेदाच्या कसोटीवर अवैध ठरविला होता. त्यामुळे राज्यांच्या वाहनकरावरही संकट येईल अशी स्थिती होती. बहुमताने यातून मार्ग काढला. न्यायमूर्ती एस. के. दास यांच्या निवाड्यानुसार, व्यापाराला उपयोगी पडणाऱ्या सोयीचा मोबदला म्हणून घेतलेला कर हा व्यापारावरील अडथळा नव्हेच. रस्ते, पूल यांची सोय राज्य करते, गाडी ती वापरते आणि सोयीच्या खर्चाशी फारसा विसंगत नसलेला मोबदला देते. असा ‘भरपाईवजा’ कर ३०१ व्या अनुच्छेदाच्या कक्षेबाहेर राहतो. राजस्थानचा कर टिकला.

विरुद्ध मत न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिले. त्यांच्यासोबत न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार आणि न्यायमूर्ती मुधोळकर होते. चारास तीन असा हा निर्णय. हिदायतुल्ला आणि मुधोळकर हे दोघेही पूर्वी नागपूर उच्च न्यायालयात न्यायाधीश होते, हा योगायोग महाराष्ट्रातील वाचकाच्या लक्षात येण्यासारखा आहे. कर भरण्याचे हेच ठिकाण पुढे दुसऱ्या राज्यातही लागू झाले तर गाडीला प्रत्येक हद्दीत पूर्ण कर द्यावा लागेल, ही बसमालकांची तक्रार निव्वळ कल्पनेतील नव्हती. त्या अरुंद पट्टीसाठी राजस्थानने मागितलेला कर हा पट्टीच्या लांबीच्या प्रमाणात नव्हता.

या निर्णयाने राज्यांचा वाहनकर सुरक्षित झाला. पण एका अटीवर, आणि ती अट नीट पाहिली पाहिजे. कर वैध आहे तो रस्त्याच्या सोयीचा मोबदला म्हणून. जयकर समितीच्या काळातील आर्थिक विचार आता घटनात्मक समर्थन बनला.

महाराष्ट्रापुरते पाहता, याच सुमारास करकायद्यांचे एकत्रीकरणही घडले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतरच्या विशाल द्वैभाषिक मुंबई राज्यात जुना मुंबई प्रांत, विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आणि कच्छ एकत्र आले. प्रत्येकाची करपद्धती निराळी. १९५८ च्या मुंबई मोटारवाहन कर अधिनियमाने त्या जागी एकच कायदा आणला. औरंगाबादची गाडी पुण्यास किंवा नागपूरची मुंबईस आणताना आड येणारी करहद्द अशा रीतीने पुसली गेली. हद्दी हटविता येतात, याचे हे उदाहरण. त्यासाठी राज्यच एक व्हावे लागले, ही त्याची मर्यादा. गोव्यात १९६१ च्या मुक्तीनंतर, १९७४ मध्ये, गोवा, दमण व दीव यांचा स्वतंत्र मोटारवाहन कर अधिनियम झाला आणि सिंधुदुर्गच्या दक्षिणेची करहद्द नव्या रूपात कायम राहिली.

मालमोटारींना मिळालेली वाट

व्यापारी वाहतुकीची अडचण शासनाला लवकर जाणवली. मालमोटार चार राज्ये ओलांडते. प्रत्येक राज्य कर मागू लागले तर माल पोहोचणारच नाही. १९५९ च्या मसानी समितीने आणि १९६० नंतरच्या दशकात बाळकृष्ण केसकर यांच्या अध्यक्षतेखालील रस्ते वाहतूक कर चौकशी समितीने या प्रश्नाची दखल घेतली. (आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार करणारे मंत्री म्हणून केसकर अधिक स्मरणात आहेत, नाक्यांवर अडकणाऱ्या मालमोटारींचा अभ्यासही त्यांच्या नावावर आहे.) राज्याराज्यांत परस्पर करार झाले, एकाच ठिकाणी कर भरण्याचे तत्त्व हळूहळू मान्य होत गेले. १९७५ मध्ये राष्ट्रीय परवाना योजना आली. २०१० मध्ये तिचे रूप अधिक सुटसुटीत झाले आणि वार्षिक पंधरा हजार रुपयांच्या एकत्रित शुल्कावर मालमोटारीस देशभर फिरण्याची मुभा मिळाली.

मालवाहतूकदारांच्या संघटना होत्या. ते संप करू शकत होते. बदली झालेला बँक कर्मचारी, अर्ध्या आयुष्यात सहा ठाणी बदललेला सैनिक किंवा मुलाकडे राहावयास निघालेला निवृत्त शिक्षक यांची संघटना नव्हती. खाजगी मोटारीचा प्रश्न त्यामुळे कोणाच्याच विषयपत्रिकेवर आला नाही.

एकरकमी कराने झालेला बदल

१९८८ मध्ये नवा मोटारवाहन अधिनियम आला. जुने २९ वे कलम त्यात ४७ वे झाले. बारा महिन्यांची मुदत होती तशीच राहिली. ४८ व्या कलमाने मूळ नोंदणी अधिकाऱ्याचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक केले. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी वैध झाली. १९८९ पासून एमएच, जीए, केए, जीजे अशी राज्यांची आजची अक्षरे प्रचारात आली.

याच सुमारास, विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत, राज्यांनी एकामागून एक खाजगी वाहनांसाठी वार्षिक कराऐवजी एकरकमी कर स्वीकारला. याची प्रशासकीय कारणे समजण्यासारखी होती. लाखो दुचाकी व मोटारी झाल्यावर दरवर्षी रांगा लावून कर घेणे कार्यालयांना अशक्य होत चालले होते, थकबाकी वाढत होती. गाडी विकतानाच विक्रेत्यामार्फत सगळा कर वसूल झाला की चुकवेगिरीला वाव उरत नाही आणि राज्याच्या तिजोरीत पंधरा वर्षांचे पैसे पहिल्याच दिवशी येतात. गाडीमालकांनीही याचे स्वागतच केले. दरवर्षीची खेप वाचली.

पण या बदलाने कराचा स्वभाव पालटला. पूर्वी कर गाडीच्या वजनासारख्या, रस्त्याच्या झिजेशी संबंध असलेल्या मापांवर आणि काळावर ठरत असे. एकरकमी कर गाडीच्या किमतीवर ठरू लागला. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीस किमतीच्या ११ टक्के असा दर आला; महाग गाडीस आणि डिझेलच्या गाडीस त्याहून अधिक. वीस लाखांची मोटार आठ लाखांच्या मोटारीपेक्षा रस्ता अडीचपट झिजविते असे कोणी म्हणणार नाही. मोबदल्याच्या जागी संपत्तीवरील कराची छटा आली. ही गोष्ट सर्वस्वी अयोग्य आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत नाही. श्रीमंताने अधिक द्यावे हेही एक तत्त्व आहे. मात्र ते जयकरांचे तत्त्व नव्हे, आणि १९६२ च्या निवाड्याने ज्या कराला अभय दिले तो कर हा नव्हे.

खरी अडचण हद्दीवर दिसू लागली. एक साधा हिशेब पाहू. आठ लाखांच्या पेट्रोल मोटारीवर ११ टक्के दराने ८८,००० रुपये कर होतो. पंधरा वर्षांत विभागल्यास वर्षाला सुमारे ५,८६७ रुपये. मालक चार वर्षांनी दुसऱ्या राज्यात गेला तर सरळ हिशेबाने अकरा वर्षांचे सुमारे ६४,५३३ रुपये त्याने न वापरलेल्या रस्त्यासाठी आधीच दिलेले आहेत. नवे राज्य त्याच्याकडे गाडीच्या वयानुसार कमी केलेला, पण उर्वरित सर्व आयुष्याचा कर मागते, तोही आपल्या दराने. जुन्या राज्याकडून परतावा मिळतो. परंतु तो वरील सरळ हिशेबाने नव्हे, तर त्या राज्याच्या तक्त्यानुसार, आणि नव्या राज्यात कर भरून नवी नोंदणी झाल्याचा पुरावा दिल्यानंतर. म्हणजे आधी दुसऱ्यांदा भरा, मग पहिले परत मागा. ज्या कार्यालयाकडे मागावयाचे ते आता शेकडो किलोमीटर मागे राहिलेले असते. ज्यांनी गाडी कर्जावर घेतली त्यांना बँकेची संमती, गाडी चोरीची किंवा गुन्ह्यातील नसल्याचा दाखला, ना-हरकत प्रमाणपत्र आणि २७ क्रमांकाच्या नमुन्यातील अर्ज ही साखळी पार करावी लागते. प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एका निवृत्त गृहस्थांनी या परताव्याचा नाद अखेर सोडून दिला. मिळणाऱ्या रकमेपेक्षा दोन खेपांचा प्रवासखर्च आणि मनस्ताप त्यांना जड वाटला. असे सोडून दिलेले परतावे राज्याच्या तिजोरीतच राहतात.

१९३९ मध्ये एकाच गतीने चालणारी दोन घड्याळे अशा रीतीने वेगळी झाली. नोंदणीचे घड्याळ बारा महिन्यांचेच राहिले. कराचे पंधरा वर्षांचे झाले.

राज्यांच्या बाजूनेही पाहावयास हवे. दरांतील तफावतीचा फायदा घेणारे निघाले. २०१७ मध्ये केरळातील महागड्या मोटारी कमी कराच्या पुदुच्चेरीत खोट्या पत्त्यावर नोंदविल्याची प्रकरणे गाजली. गाडी परराज्यात नोंदवावयाची आणि चालवावयाची आपल्या शहरात, हा प्रकार अन्य महानगरांनाही अपरिचित नाही. महाराष्ट्राने १९८७ मध्येच मोटारवाहनांच्या स्थानिक क्षेत्रातील प्रवेशावर कर बसविणारा कायदा केला होता, तो परराज्यातून स्वस्तात आणलेल्या गाड्यांना आळा घालण्यासाठी. वस्तू व सेवा कर आल्यावर, २०१७ मध्ये, प्रवेशकराचा राज्यांचा अधिकार संपला. ५७ व्या नोंदीतील वाहनकर मात्र त्या कराच्या बाहेरच राहिला. कर्नाटकाने २०१४ मध्ये तीस दिवसांहून अधिक काळ राज्यात राहणाऱ्या बाहेरच्या गाडीकडून आयुष्यभराचा कर घेण्याची तरतूद केली आणि तिला न्यायालयात आव्हान मिळाले. बंगळुरात नोकरीस गेलेल्या अनेक मराठी तरुणांना केंद्राचे बारा महिने आणि राज्याचे तीस दिवस यांतील अंतर रस्त्यावरील तपासणीत प्रथम कळले. गाडी राज्यात नेमकी कधी आली हे सिद्ध कसे करावयाचे? टोलच्या पावत्या, पेट्रोलची बिले, घरभाड्याचा करार अशी कागदपत्रे गाडीत बाळगण्याची सवय त्यातून लागली.

भरपाईच्या सिद्धान्ताचे उत्तरायुष्य

‘भरपाईवजा’ कराचा सिद्धान्त पन्नासहून अधिक वर्षे चालला. नोव्हेंबर २०१६ मध्ये जिंदाल स्टेनलेस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने तो निकालात काढला. कर म्हणजे अडथळा नव्हे; भेदभाव करणारा कर असेल तरच तो तेराव्या भागाच्या कक्षेत येतो, अशी भूमिका घेतली गेली. राज्यांना आता मोबदल्याचे समर्थन देण्याची गरज उरली नाही. विचार मात्र पूर्णपणे मेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या बंदिस्त आवारात चालणाऱ्या वाहनांच्या प्रकरणात न्यायालयाने, जी गाडी सार्वजनिक रस्ता वापरतच नाही तिच्यावर त्या काळाचा वाहनकर लागत नाही, असे ठरविताना कराचे भरपाईचे स्वरूपच आधारास घेतले. आवाराच्या आत राहिलेल्या गाडीला हा न्याय मिळाला. राज्याच्या हद्दीबाहेर राहिलेल्या गाडीला तो का मिळू नये, हा प्रश्न मात्र त्या प्रकरणात नव्हता.

‘भारत’ मालिका

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने मोटारवाहन नियमांत दुरुस्ती करून ‘बीएच’ म्हणजे भारत मालिका आणली. १५ सप्टेंबर २०२१ पासून ती अमलात आली. पाटीवर प्रथम नोंदणीच्या वर्षाचे दोन अंक, मग ‘बीएच’, त्यानंतर क्रमांक व अक्षरे. राज्याचे नाव कोठेही नाही. राज्य बदलले तरी क्रमांक बदलावा लागत नाही. कर दोन वर्षांचा किंवा त्याच्या पटीत भरावयाचा : दहा लाखांपर्यंत ८ टक्के, दहा ते वीस लाखांपर्यंत १० टक्के, त्यापुढे १२ टक्के या दरांच्या आधारे; डिझेलला दोन टक्के जादा, विजेवरील गाडीस दोन टक्के कमी. चौदा वर्षांनंतर दरवर्षी निम्म्या दराने.

याचे वर्णन नवा प्रयोग असे केले गेले. ऐतिहासिक दृष्टीने पाहता ही माघार आहे, आणि योग्य दिशेची माघार आहे. मुदतीचा कर, जेथे गाडी असेल तेथे, ही १९३९ मधली व्यवस्था एकरकमी कराने मोडली होती. ती दोन वर्षांच्या हप्त्याने पुन्हा उभी राहिली. किमतीचे माप मात्र तसेच ठेवले आहे. केरळसारख्या राज्याने या मालिकेविषयी नाखुशी दाखविली, कारण पंधरा वर्षांचे उत्पन्न एकदम हाती येण्याची सवय लागलेल्या तिजोरीला दोन वर्षांचा हप्ता तोकडा वाटतो. कर राज्याचा असताना त्याची मुदत केंद्राच्या नियमाने ठरावी काय, हा आक्षेपही निराधार नाही. समवर्ती सूचीतील ३५ व्या नोंदीखाली संसदेने तत्त्वे ठरविली असती तर या आक्षेपास जागा उरली नसती.

भारत मालिका सर्वांसाठी नाही. संरक्षण दलांतील व्यक्ती, केंद्र व राज्य शासनाचे तसेच सार्वजनिक उपक्रमांचे कर्मचारी, आणि चार किंवा अधिक राज्यांत वा केंद्रशासित प्रदेशांत कार्यालये असलेल्या खाजगी आस्थापनांचे कर्मचारी यांनाच ती घेता येते. एका शहरापुरत्या कारखान्यातून दुसऱ्या राज्यातील कारखान्यात जाणारा फिटर, इचलकरंजीहून निपाणीस दुकान हलविणारा व्यापारी, हैदराबादेत मुलीकडे राहावयास गेलेली वृद्ध दांपत्ये यांच्यासाठी ४७ वे कलम आणि त्यातील बारा महिने लागू आहेत. त्यांनी नव्या राज्यात उर्वरित आयुष्याचा कर भरावयाचा, नवी पाटी लावावयाची, आणि नोंदणीची प्रत जोडून जुन्या कार्यालयाकडे परताव्याचा अर्ज करावयाचा आहे.